जपणूक हेच प्रकाशन



वेदगंगेच्या खोऱ्यातील या गारगोटी गावी स्वागतसमितीच्या वतीने मी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या आपणां सर्व प्रकाशक, संपादक, ग्रंथपाल व अभ्यासकांचे मनःपूर्वक स्वागत करतो. १९४२ च्या डिसेंबरात येथील कचेरीवर चालून गेलेल्या सात हुतात्म्यांच्या रक्ताने ही भूमी पुनीत झाली आहे. आणि पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव धारण करणारे, डॉ. जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने १९५२ साली उभे राहिलेले मौनी विद्यापीठ याच गावात आहे. खेड्यातील मुलाने ज्ञानासाठी शहराचे दार ठोठावू नये, ज्ञानाचे केंद्रच खेड्यात उभे राहावे, हा ज्या संस्थेचा मूळ संकल्प, तिच्या गावी डिजिटल प्रकाशनावरील ही परिषद भरावी, याचा आम्हांस विशेष आनंद आहे.

डिजिटल प्रकाशनाच्या अभ्यासाला मी आरंभ केला तेव्हा माझी अशी दृढ समजूत होती की, कागद, छपाई, बांधणी आणि वाहतूक यांचा खर्च एकदा वाचला, म्हणजे मराठी ग्रंथाच्या वाटेतील सर्व अडचणी आपोआप सरतील. या समजुतीला पहिला धक्का दिला तो आमच्या तालुक्यातील एका वाचनालयाच्या जुन्या स्मरणिकेने. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी ती संगणकावर जुळवली गेली होती. तिच्यात गावच्या वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी होत्या, आणि ते सांगणारे आता हयात नाहीत. जपून ठेवलेली तबकडी आम्ही मोठ्या आशेने उघडली, तो पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नाही, केवळ रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग! रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवून तो फॉन्ट तयार केलेला होता. फॉन्ट नाहीसा झाला आणि त्याबरोबर मजकूरही मुका झाला. याउलट, एका घराच्या माळ्यावर सापडलेली छापील प्रत, कडा वाळवीने खाल्लेल्या असूनही, शेवटच्या पानापर्यंत सुखाने वाचता आली.

प्रत्येक अक्षराला स्वतःचा, जगभर मान्य असलेला क्रमांक देणारी युनिकोडची व्यवस्था १९९१ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात देवनागरीला आरंभापासूनच स्थान होते. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे आपली वृत्तपत्रे, पुस्तके आणि कचेऱ्यांचे कागद खाजगी फॉन्टांतच जुळवले जात राहिले. जपलेला मजकूर वाचता न येण्याचा हा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. शतकानुशतके ज्या मोडी लिपीत आपला कारभार चालला, ती मोडी, छापखान्याने बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीचे खिळे पत्करल्यावर हळूहळू मागे पडली, आणि आज कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील दप्तरे शाबूत असूनही ती वाचणारे डोळे विरळ झाले आहेत. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. मोडी विसरायला आपल्याला काही पिढ्या लागल्या. जुन्या फॉन्टांतला मजकूर मात्र ज्याने टंकित केला त्याच्याच हयातीत वाचेनासा होत आहे.

लिपीचा हा पहिला धडा, तर दुसरा संपादनाचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा खंड निघेपर्यंत जवळजवळ चार दशके लोटली. आज तोच विश्वकोश पाटगावचा विद्यार्थी आपल्या मोबाइलवर विनामूल्य वाचतो. परंतु त्यातील नोंद त्याने निःशंकपणे वाचावी, हा विश्वास मोबाइलने निर्माण केलेला नसून वाईच्या विश्वकोश कार्यालयात बसून एकेक नोंद तपासणाऱ्या, लेखकाकडे परत पाठविणाऱ्या आणि पुन्हा तपासणाऱ्या माणसांनी तो निर्माण केला आहे. डिजिटल प्रकाशनाने कागदाचा खर्च वाचतो. संपादकाचे श्रम वाचत नाहीत, आणि ते वाचविण्याचा मोह ज्याला होतो त्याचे प्रकाशन वाचकाचा विश्वास गमावून बसते.

तिसरा धडा मला याच मुलखाच्या इतिहासाने दिला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली, म्हणजे १९४८ च्या मद्रास ग्रंथालय कायद्याच्याही आधी, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. ग्रंथ जतन करणे ही कोणा हौशी व्यक्तीची मर्जी नसून लोकांनी आणि सरकारने मिळून उचलावयाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. कागद उपेक्षेतही काही काळ तग धरतो. डिजिटल मजकुराची मात्र कोणालातरी सातत्याने देखभाल करावी लागते, त्याच्या प्रती काढाव्या लागतात, दर काही वर्षांनी त्याला नव्या साधनावर आणावे लागते. म्हणून या परिषदेपुढे माझी नम्र सूचना अशी की, प्रत्येक प्रकाशकाने आपल्या ई-पुस्तकाची युनिकोडमधील एक प्रत आपल्या भागातील सार्वजनिक ग्रंथालयात दाखल करावी, आणि ग्रंथालयाने ती छापील ग्रंथाइतक्याच आस्थेने आपल्या दाखलनोंदीत घेऊन सांभाळावी. पुस्तक वाचकाच्या हाती एकदा पडले म्हणजे प्रकाशन पुरे झाले असे नव्हे. त्याच्या नातवाच्या हाती पडेपर्यंत ते पुरे होत नाही.

ती वाळवीने खाल्लेली स्मरणिका आमच्या महाविद्यालयीन मुलामुलींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत युनिकोडमध्ये पुन्हा टंकित केली आहे. जुनी प्रत आणि मुलांचे काम, दोन्ही सभागृहाच्या दाराशी मेजावर ठेवली आहेत. आपण ती अवश्य पाहावीत. परिषदेची सूत्रे मी आदरपूर्वक अध्यक्षमहोदयांच्या हाती सोपवितो.