उमेदवार कोण ठरवितो?

(मंडळाच्या नाशिक येथील वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री याच मंडपात युवक शाखेचा वादविवाद झाला. विषय होता, 'अमेरिकेप्रमाणे आपल्याकडेही पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडावा.' वाद असा रंगला की मंडपवाल्याने दिवे मालविण्याची धमकी दिली, तेव्हा कोठे मुले खाली बसली. आज सकाळी चिटणीसांनी आम्हांस गाठले व म्हटले, "परीक्षक म्हणून तुम्ही स्पर्धेचा निकाल दिलात, प्रश्नाचा निकाल मात्र राहिलाच. त्यावर चार शब्द बोला." हे चार शब्द थोडे लांबतील, ज्येष्ठांनी क्षमा करावी.

मुलांच्या बोलण्यात एक समजूत वारंवार डोकावत होती, ती ही की अमेरिकन मतदारास हा अधिकार तेथील राज्यघटनेनेच बहाल केला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. त्या घटनेच्या मूळ मसुद्यात राजकीय पक्षांचा उल्लेखही नाही. उमेदवार ठरे तो पक्षाच्या अधिवेशनात, आणि पुष्कळदा अधिवेशनाशेजारच्या बंद खोलीत. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी कायदे करून प्राथमिक निवडणुकीची प्रथा पाडली. पण प्रथा पडली म्हणून पुढारी वठणीवर आले असे नव्हे. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्राथमिक निवडणुका जिंकल्या, प्रतिस्पर्धी टाफ्ट यांच्या ओहायो राज्यातीलसुद्धा. तरी शिकागोच्या अधिवेशनाने माळ घातली ती टाफ्ट यांच्याच गळ्यात. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री हे प्राथमिक निवडणुकांच्या रिंगणात न उतरताच उमेदवार झाले, आणि त्याच शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. त्यानंतर नियम पालटले व १९७२ पासून मतदाराच्या कौलास खरे वजन आले. तेही अभंग नाही. २०२४ साली जो बायडन यांनी प्राथमिक निवडणुका जिंकल्यावर २१ जुलै रोजी माघार घेतली, आणि कमला हॅरिस यांची उमेदवारी मतदारांनी नव्हे, पक्षाच्या प्रतिनिधींनी निश्चित केली.

या साऱ्या इतिहासात आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते टेक्सासचे प्रकरण. त्या राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकणे म्हणजेच निवडून येणे, अशी स्थिती होती. त्या निवडणुकीत मत देण्याची मुभा केवळ गोऱ्यांना होती. पक्षाचे म्हणणे असे की, आमची संस्था खाजगी आहे, सभासद कोणास करावे हा आमचा प्रश्न. ह्यूस्टनचे एक कृष्णवर्णीय दंतवैद्य लॉनी स्मिथ यांनी दाद मागितली, आणि १९४४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला. 'आमची संस्था खाजगी आहे' हे वाक्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

काल एकाही वक्त्याने सांगितले नाही ते असे की, प्राथमिक निवडणूक ही आपल्याकडे होऊन गेलेली गोष्ट आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यास पुणे करार झाला. त्या करारान्वये दलितांसाठी राखीव ठेवलेल्या प्रत्येक जागेस आधी केवळ दलित मतदारांनी एकेक मत देऊन चार उमेदवारांचा गट निवडावयाचा, आणि मग त्या चौघांतून एकास सर्वसाधारण मतदारांनी निवडावयाचे, अशी दुहेरी योजना होती. या योजनेखाली १९३७ व १९४६ साली प्रांतिक निवडणुका झाल्या. १९३७ साली निवडून आलेल्यांत आपल्या नाशिक जिल्ह्याचे दादासाहेब गायकवाड होते. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची धुरा वाहणारे तेच हे भाऊराव कृष्णराव गायकवाड.

योजना दिसावयास न्याय्य होती, परंतु तिच्यात एक खोच होती. आपल्या समाजाने प्रथम पसंती दिलेला मनुष्य दुसऱ्या फेरीत इतरांच्या मतांनी पडावा, आणि चौघांतील शेवटचा निवडून यावा, असे घडू शकत होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तक्रार हीच होती. १९५० च्या राज्यघटनेत राखीव जागा राहिल्या, प्राथमिक फेरी गेली. आज त्या जागांवरील उमेदवारही इतर जागांप्रमाणेच पक्षश्रेष्ठी ठरवितात.

हे वाचीत असता आम्हांस कुतूहल वाटले की, त्या काळी आपले मंडळ काय म्हणत होते? काळारामाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, तो या मंडपापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही जुनी इतिवृत्ते काढली. १९३० च्या वहीत वसतिगृहाच्या भांड्यांची यादी आहे, दोन विद्यार्थ्यांना फी-माफीचा ठराव आहे. सत्याग्रहाविषयी एक ओळही नाही. आम्ही वही मिटून ठेवली, पण ती मनातून जात नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६३ साली नाशिकच्या लोकसभा पोटनिवडणुकीत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले. चीनच्या आक्रमणानंतरचे ते दिवस होते. वडीलधारी मंडळी ते अभिमानाने सांगतात, आणि अभिमान योग्यच आहे. पण नाशिकच्या मतदाराने त्या वेळी मत असे दिलेच नाही, हेही तितकेच खरे. २०१४ साली काँग्रेस पक्षाने देशभरात पंधरा-सोळा मतदारसंघांत प्राथमिक निवडणुकीचा प्रयोग केला. महाराष्ट्रात त्यासाठी वर्धा व लातूर निवडले होते. मतदार होते ते पक्षाचे पदाधिकारी व कार्यकर्ते. दोन्ही ठिकाणी पक्षाचा पराभव झाला आणि प्रयोग गुंडाळला गेला. त्या वर्षीच्या लाटेत तो पक्ष बहुतेक ठिकाणी हरला. तेव्हा दोष प्रयोगाच्या माथी मारणे आम्हांस रास्त वाटत नाही.

आणि २०२४ चे नाशिक तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाने राजाभाऊ वाजे यांचे नाव मार्चमध्येच जाहीर केले होते. महायुतीचे मात्र ठरता ठरेना. छगन भुजबळ यांनी एप्रिलमध्ये शर्यतीतून माघार घेतल्याचे सांगितले. तत्कालीन खासदार हेमंत गोडसे यांचे नाव १ मे रोजी घोषित झाले, आणि अर्ज भरण्याची मुदत ३ मे रोजी संपत होती! वाजे दीड लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. दोन्ही बाजूंचे निर्णय झाले ते मुंबईत आणि दिल्लीत. सिन्नरच्या किंवा इगतपुरीच्या सामान्य कार्यकर्त्यास कोणी मतपत्रिका दिली नव्हती.

कायदाही या बाबतीत मौन धरून आहे. पक्षाने उमेदवार कोणत्या रीतीने निवडावा, हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कोठेही सांगितलेले नाही. अधिकृत उमेदवार कोण, हे पक्षाच्या सहीचे ए आणि बी हे दोन फॉर्म ठरवितात. पुढे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने निवडून आलेला मनुष्यही पक्षादेशाशी बांधला गेला. तिकीट देणाऱ्याचा हात असा दोन्हीकडून बळकट झाला आहे.

काल येथवर चर्चा आली तेव्हा मागच्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "काका, वर्धा-लातूर राहू द्या. आपल्या कार्यकारिणीची प्राथमिक निवडणूक कोठे होते?"

मंडप हसला. आम्हीही हसलो. मग तिने दुसरा प्रश्न केला. मंडळाचे सभासदत्व कुटुंबाचे; मत एक, आणि ते कुटुंबप्रमुखाचे. मग सुना, मुली आणि लग्न होऊन गेलेल्या लेकी यांचे काय? आम्ही परीक्षकाच्या खुर्चीतून चटकन उत्तर दिले, "बेटा, मंडळ ही खाजगी संस्था आहे."

मंडळी, टेक्सासचे वाक्य ते हेच! वर्णद्वेष आणि आपला जुना रिवाज एका मापाने मोजावेत, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते उत्तर आमच्या तोंडून किती सहज निघाले, याने रात्रभर झोप आली नाही.

आता कबुलीही देतो. गेली कित्येक वर्षे आपली कार्यकारिणी 'बिनविरोध' निवडली जाते. वार्षिक सभेच्या आदल्या रात्री चार-पाच ज्येष्ठ एकत्र बसतात, चहा होतो, एका कागदावर नावे लिहिली जातात, आणि सकाळी टाळ्यांच्या गजरात ती वाचली जातात. त्या बैठकीत आम्ही स्वतः अनेकदा बसलो आहोत. कागदही आमच्या हस्ताक्षरात आहेत. हेतू वाईट नव्हता. भांडणे टळावीत, एवढाच होता. पण २०२४ साली उमेदवारांची माणसे पाठिंब्याचे पत्र मागावयास आली, तेव्हा ती त्या चार-पाच जणांकडेच गेली, आणि सहाशे कुटुंबांच्या नावे पत्र द्यावे की न द्यावे, हे तेथेच ठरले. पत्र दिले नाही, हे चांगले झाले. दिले असते तरी तुम्हांस कोणी विचारले नसते.

युवक शाखेने नियमदुरुस्तीचा ठराव दिला आहे: प्रत्येक सज्ञान व्यक्तीस एक मत, सासरी गेलेल्या लेकींसह, नामनिर्देशनपत्रे सभेपूर्वी पंधरा दिवस, आणि कोणत्याही राजकीय उमेदवारास मंडळाच्या नावे पाठिंबा नाही. शेवटच्या कलमावर मतभेद होतील. जातीच्या नावाने मते मागणे वाईट, असे सारेच म्हणतात, आणि आपल्या जातीचा उमेदवार उभा राहिला की आवाज बदलतो. त्या मोहातून आम्हीही सुटलेलो नाही. पहिल्या कलमास मात्र आमचे अनुमोदन आहे, आणि ते येथेच देतो.

ठराव दुपारी तीन वाजता सभेपुढे येईल. मंजुरीस दोन तृतीयांश मते हवीत, आणि जुन्या नियमाप्रमाणे ती मते कुटुंबप्रमुखांचीच असणार आहेत. मतपत्रिका कोषाध्यक्षांच्या टेबलावर आहेत. त्या मुलीने आम्हांस विचारले आहे की, मोजणीच्या वेळी तिला शेजारी उभे राहता येईल काय. आम्ही हो म्हटले आहे.