मूल वेळेवर मान धरत नसेल तर
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, डॉक्टरीणबाईंना बोलवा, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्या म्हणाल्या, औषधाचे त्या सांगतील, रोजचे तुम्ही सांगा. माझ्या धाकट्या जावेची मनू आता अकरा वर्षांची आहे. आमच्या एकत्र घरात तिचे निम्मे संगोपन माझ्या हातून झाले, एवढाच माझा अधिकार.

या आजाराला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात म्हणतात. वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे हातपाय, मान, कधी जीभ यांवर ताबा राहत नाही. ती इजा पुढे वाढत जात नाही, आणि आजार शिवल्याने लागत नाही. शेजारणींनी आपली मुले खुशाल खेळायला पाठवावीत.

आमच्या घरी दोन वर्षे ग्रहणावर खापर फुटत होते. जाऊ बिचारी रडत असे. ग्रहणाचा यात काडीचाही संबंध नाही. मनू सातव्या महिन्यात झाली, वजन सव्वा किलो. असे अपुऱ्या दिवसांचे मूल या धोक्यात जास्त असते. जन्मताच श्वास न मिळणे, तान्हेपणी कावीळ फार चढणे, मेंदूज्वर, गर्भारपणी आईला रुबेला होणे, हीही कारणे आहेत. पुष्कळदा इजा पोटातच झालेली असते आणि कारण सापडतच नाही. मग आईला बोल लावून काय मिळवायचे? त्यापेक्षा बाळंतपण दवाखान्यात करावे. तान्ह्याचे तळहात-तळपाय पिवळे दिसले तर उन्हात धरून वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास द्यावी.

चौथा महिना संपला तरी मान धरली नाही, नऊ महिन्यांचे झाले तरी बसत नाही, लंगोट बदलताना पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येतात, किंवा वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरते आणि दुसऱ्याची मूठ मिटलेली, असे काही दिसले तर "आमच्याकडे सगळीच उशिरा चालतात" असे म्हणून बसू नये. व्यायाम जितका लवकर सुरू होईल तितका उपयोग.

आता संगोपनाचे. तेलाने मूल सुखावते, पण ताठरपणा जात नाही. मालिशवाली पाय ओढून सरळ करू लागली तर तिला थांबवावे. झटका दिला की स्नायू अधिकच आवळतात. पायाची कात्री होणाऱ्या मुलाला आपल्या आज्यांसारखे कडेवर घ्यावे, एक पाय पुढे, एक मागे. मांड्या आपोआप फाकतात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हेच सांगितले तेव्हा सासूबाईंना फार समाधान वाटले!

भरवताना मात्र आडवे पाजू नये, घास फुप्फुसात जातो. मूल ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली, आणि आपण समोर खाली बसावे. वरून भरवले की मूल मान मागे टाकते आणि ठसका लागतो. मऊ भात, घट्ट वरण, लहान चमचा. आमच्याकडे एका जेवणाला पाऊण तास लागतो. तो वेळ एकट्या आईच्या माथी मारू नये, घरातल्या पुरुषांनाही भरवता येते.

बोलणे अस्पष्ट म्हणून समज कमी, असे धरू नये. काहींची समज कमी असते, पण पुष्कळांची चांगली असते. मुंबईच्या मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, ती अशाच मुलीच्या आई म्हणून. त्या मुलीने, मालिनी चिब यांनी, लंडनला उच्च शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकून आपले आत्मचरित्र लिहिले. आमच्या मनूची "हो"ची खूण म्हणजे डोळे वर करणे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिच्यासमोरच मला विचारतात, "हिला कळते का हो?" तिलाच विचारा ना!

शेवटी कागदपत्रांचे. २०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. दोन्हींसाठी आधी अपंगत्वाचा दाखला काढावा लागतो. जिच्या घरी असे मूल असेल तिने सभेनंतर थांबावे. अर्ज कसा भरायचा ते मला आता पाठ झाले आहे.