बटण दाबल्यावर



हार्बर लाइनवर रे रोडला उतरून पूर्वेला, बंदराच्या अंगाने चालत गेलं की दारूखाना लागतो. नांगर, साखळदंड, दोरखंड, पितळी खिडक्या, लाइफबॉय, जुनी होकायंत्रं, जहाजावरची म्हणून जी वस्तू असेल ती इथे मिळते, कारण जहाजं तोडण्याचं काम इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २०१४ साली इथेच मोडीत निघाली. बोटींवरची वायरलेस यंत्रं आणि संकटाची खबर देणारी उपकरणं दुरुस्त करण्याचा माझा व्यवसाय याच भागातला. यंत्र कधी एकटं येत नाही. बरोबर तांडेल येतो, खलाशी येतो, कधी नाखवा स्वतः येतो, आणि यंत्र उघडून होईपर्यंत बोलत बसतो. समुद्रात उपग्रहावरून मदत मागायची सोय झाली, तिच्याबद्दल या माणसांचं काय म्हणणं आहे ते मला आज तुमच्यापुढे ठेवायचं आहे.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ या. दारूखान्यापासून भाऊचा धक्का फार लांब नाही. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी याच धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई हाकेच्या अंतरावर होती म्हणावं, तरी इतकी माणसं पाण्यात असताना शहराला कित्येक तास त्याचा पत्ताही नव्हता. जे वाचले त्यांतल्या अनेकांना रेवसच्या बाजूच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. कोकणातल्या घरांतून ही हकीकत अजून सांगितली जाते. ती ऐकताना दर वेळी मला त्या न गेलेल्या संदेशाची आठवण होते.

आज मासेमारी बोट धक्का सोडून काही मैल गेली की मोबाइल मुका होतो. व्हीएचएफ वायरलेस सरळ रेषेत चालतो, तो क्षितिजापलीकडे पोचत नाही. त्याच्या पुढे आधार उपग्रहाचाच. इस्रोने मच्छीमारांसाठी ‘डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर’ तयार केला. बोटीवाले त्याला डॅट म्हणतात. २०१० पासून तो वापरात आहे आणि देशभर वीस हजारांहून अधिक बोटींवर पोचला. त्याचं काम समजायला सोपं आहे. तांडेलाने बटण दाबलं की बोटीची ओळख आणि ठिकाण उपग्रहामार्गे बंगळूरच्या नियंत्रण केंद्रात जातं. तिथून ते तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्राकडे येतं. अशी केंद्रं मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअरला आहेत. मग जवळचं जहाज किंवा विमान निघतं.

एवढी व्यवस्था असून तांडेलांची तक्रार काय होती? एका तांडेलाने मला जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. रात्रीची वेळ, इंजिन बंद, खणात पाणी शिरलेलं. त्याने बटण दाबलं. यंत्रावरचा दिवा लुकलुकायला लागला. तो म्हणाला, “दिवा तर लागला, पण तो दिवा आपलाच ना? पलीकडं कोणाला कळलं की नाही, हे आपल्याला कोण सांगणार?” पंप मारायचा, की बोट सोडून फळकुटं बांधायची, की शेजारच्या बोटीला टॉर्च दाखवत बसायचं, हे ठरवण्यासाठी त्याला एकच गोष्ट हवी होती: मदत निघाली आहे का? पहाटे दुसऱ्या बोटीने त्यांना ओढून आणलं. संदेश पोचला होता की नव्हता, हे त्याला आजही माहीत नाही.

सुरुवातीच्या यंत्रांची रचनाच अशी होती. ती बोलत होती, पण त्यांना ऐकू येत नव्हतं.

मग २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी चक्रीवादळ आलं. केरळ आणि तमिळनाडूच्या बोटी आधीच खोल समुद्रात गेल्या होत्या. किनाऱ्यावर इशारे दिले जात होते, पण ज्यांच्यासाठी ते होते त्यांच्यापर्यंत पोचायला वाट नव्हती. त्या वादळात भरकटलेल्या ६८ बोटी आणि ९५२ मच्छीमार आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागले. पण कितीतरी घरी परतलेच नाहीत. ओखीतून घेतलेला धडा म्हणून २०१९ च्या ऑक्टोबरात ‘जेमिनी’ नावाचं यंत्र आलं. वादळाचा इशारा, लाटांची उंची, मासळी कुठे मिळेल त्याचा अंदाज, हे सगळं खोल समुद्रातल्या बोटीला त्यावर मिळू लागलं. पण या यंत्राला फक्त ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. म्हणजे एका फळीवर मदत मागणारं यंत्र, दुसऱ्या फळीवर इशारा देणारं यंत्र, आणि दोघांत संवाद नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं समजू नका. साऱ्या जगाची जहाजं आणि विमानं ज्या कोस्पास-सारसॅट या उपग्रह बचाव व्यवस्थेवर भिस्त ठेवतात तिने १९८२ च्या सप्टेंबरात कॅनडात पडलेल्या एका छोट्या विमानातल्या तिघांना पहिल्यांदा वाचवलं. तेव्हापासून हजारो जीव वाचले. तरीही ४०६ मेगाहर्ट्‌झच्या बीकनला, म्हणजे संकटाचा संदेश पाठवणाऱ्या यंत्राला, ‘तुमचा संदेश मिळाला’ अशी उलट पोच देण्याची सेवा युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनी सुरू केली ती २०२० मध्ये. बुडणाऱ्या माणसाला उत्तराची किती गरज असते, हे यंत्रं करणाऱ्यांच्या ध्यानात यायला एवढी वर्षं जावी लागली.

आता चित्र बदलतं आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. २०२४ च्या जानेवारीत इस्रोने दुसऱ्या पिढीचा डॅट आणला. त्यात बटण दाबणाऱ्याला पोच मिळते. नियंत्रण केंद्राकडून येणारे वादळाचे, त्सुनामीचे इशारेही त्यावर येतात आणि ब्लूटूथने मोबाइलला जोडला की मजकूर आपल्या भाषेत वाचता येतो. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींवर उपग्रह ट्रान्सपाँडर बसवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, एक लाख बोटी, ३६४ कोटी रुपये, आणि बोटवाल्याला यंत्र मोफत. या ट्रान्सपाँडरवरून दोन्ही बाजूंनी छोटे संदेश जातात, आणि बोट सागरी हद्दीजवळ गेली तर इशाराही मिळतो. पालघर-डहाणूच्या ज्या घरांतले कर्ते पुरुष हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढून आले, त्यांना या इशाऱ्याचं मोल वेगळं सांगायला नको.

यंत्र बसलं म्हणजे काम झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. वापरणाऱ्यांचं ऐकायचं काम खरं तर आता सुरू व्हायला हवं.

परवा एक यंत्र उघडलं. झाकणाचं रबर सुकून चिरलेलं, आत मिठाची पांढरी भुकटी, बॅटरीच्या स्प्रिंगवर हिरवा गंज. हे तर नेहमीचंच. पण संकटाच्या बटणावर काळ्या टेपचे चांगले चार-पाच वेढे मारलेले होते. विचारलं तर खलाशी म्हणाला, “चुकून दाबलं गेलं तर कोस्ट गार्डची बोट येईल, मग आम्हालाच धारेवर धरतील.” त्याची भीती मला पटली. पण अंधारात, ओल्या, गार पडलेल्या बोटांनी ती टेप सुटणार नाही. चुकून संदेश गेला तर लगेच कसं कळवायचं आणि कळवणाऱ्याला कुणी रागावणार नाही, एवढं त्याला आधीच समजावलं असतं तर ती टेप लागलीच नसती. उपकरणावर अशी टेप दिसली की मी ती लेखी तक्रारच समजतो.

दुसरी अडचण भाषेची. आपल्या बोटींवर तांडेल बहुधा आपला असतो, पण खलाशी कुठून कुठून येतात. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळचे आहेत, उत्तर प्रदेशचे आहेत. तांडेल झोपलेला असताना सुकाणूशी जो जागा असतो, त्याला पडद्यावरचं मराठी वाचता येईलच असं नाही. आग, बुडणारी बोट, पाण्यात पडलेला माणूस, आजारी माणूस, अशी चार ठळक चित्रं असलेली चार बटणं त्याला अॅपपेक्षा जास्त उपयोगी पडतील. मोबाइलचा पडदा तर खाऱ्या पाण्याच्या हाताला दादच देत नाही, हे मासे निवडलेल्या कुणालाही विचारा.

तिसरी गोष्ट लोक दबक्या आवाजात सांगतात. यंत्रावरून बोट कुठे आहे ते कळतं, मग आमची मासळीची जागाही सगळ्यांना कळणार का? ज्या जागेचं ज्ञान बापाकडून मुलाला मिळतं, ती उघडी पडावी असं कुणाला वाटेल? मला ही शंका अगदी रास्त वाटते. बोटीचं ठिकाण बचावासाठी आणि सुरक्षेसाठी कोण पाहील, किती दिवस ठेवील, आणि ते दुसऱ्या बोटवाल्याच्या हाती कधीच जाणार नाही, हे मच्छीमार सोसायट्यांना लेखी सांगितलं पाहिजे. नाहीतर माणसं यंत्राची वायरच काढून ठेवतील, आणि नेमक्या त्याच फेरीला वादळ येईल.

डोंगरात फिरणाऱ्या श्रोत्यांनाही दोन शब्द सांगतो. हिमालयात जाणारी मुलं मला विचारतात, की अमेरिकेतल्या मामाने उपग्रह मेसेंजर पाठवलाय, नेऊ का? नेऊ नका. बाहेर अशी यंत्रं गिर्यारोहकांत सर्रास वापरतात. रोज संध्याकाळी ‘सुखरूप आहे’ एवढा निरोप घरी जातो यावर वापरणारे खूश असतात. पण आपल्याकडे परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा असा मेसेंजर बाळगणं गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियमला तर मनाईच आहे. विमानतळावर सामानात असं यंत्र सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांवर कारवाई झाल्याच्या बातम्या २०२४ च्या डिसेंबरात गोव्याहून आल्या होत्या. कायदा इतका कडक का, हे मुंबईकराला ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी ज्या ‘कुबेर’ बोटीतून आले, ती मासेमारीचीच बोट होती, आणि त्या बोटीवर उपग्रह फोन सापडला होता. तरीही माझं मत असं आहे, की मच्छीमाराला जसं देशी, नोंदणी केलेलं, दुतर्फी यंत्र मिळालं, तसं गिर्यारोहण संस्थांना आणि बचाव पथकांनाही मिळायला हवं. सह्याद्रीच्या घळीत पाय मोडून पडलेल्या पोरालाही मोबाइलची रेंज नसतेच.

आता दारूखान्यातल्या माझ्या व्यवसायबंधूंना एक कळकळीची विनंती. तोडायला आलेल्या जहाजावरचं बीकन बॅटरीसकट भंगाराच्या ढिगात टाकू नका. ते पाण्यात पडलं तर आपोआप सुरू होतं आणि जमिनीवरून संकटाचा संदेश पाठवत राहतं. त्या वेळी बचाव केंद्रातला अधिकारी जे जहाज कधीच बुडणार नाही ते शोधत बसतो. जगभर बीकनवरून येणाऱ्या संदेशांत खोटेच फार जास्त असतात. आधी बॅटरी काढा आणि त्याची नोंदणी रद्द करायला सांगा.

बोटवाल्यांनो, ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारी बंदी संपते. १ ऑगस्टला जाळी बोटीवर चढण्याआधी बॅटरीवरची तारीख बघा. मोठ्या बोटीवर पाण्याच्या दाबाने बीकन सोडणारी जी छोटी डबी असते, ती दोन वर्षांनी बदलायची असते. तिच्यावरही तारीख असते. बीकनची चाचणी घ्यायची तर ‘टेस्ट’ लिहिलेल्या बटणानेच घ्या, संकटाच्या बटणाने नको. बोट विकली असेल, नाखवा बदलला असेल, घरचा फोन नंबर बदलला असेल, तर नोंदणीत बदल करून घ्या. संदेश आल्यावर केंद्रातून पहिला फोन त्याच नंबरवर जातो. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा, रेंज असेल तिथून तोच सर्वांत जवळचा.

मत्स्यव्यवसाय खात्याला एवढंच सुचवतो, की या बंदीच्या दिवसांत भाऊच्या धक्क्यावर, ससून डॉकला, सातपाटीला, हर्णैला, मिरकरवाड्याला एकेक दिवस टेबल मांडा. यंत्र उघडून ठेवा. नाखव्यालाच नव्हे, सुकाणूवर जागणाऱ्या खलाशालाही ते हातात घेऊ द्या, डोळे मिटून बटण शोधू द्या. आणि तो जे सांगेल ते लिहून घ्यायला वही घेतलेला एक माणूस तिथे बसवा.