चारी मुंड्या चीत

निवडणुकींत एखादा उमेदवार पडला, किंवा भर सभेंत एखाद्या पंडिताला उत्तर सुचेनासें झालें, कीं लोक सहज म्हणून जातात, ‘तो चारी मुंड्या चीत झाला.’ श्रोतेहो, माणसाला मुंडी तर एकच; मग उरलेल्या तीन आल्या कोठून?

याचें उत्तर शिंप्याच्या दुकानांत लौकर सांपडतें. सदऱ्याची बाही जेथें खांद्याला जोडली जाते, त्या घेराला शिंपी ‘मुंढा’ म्हणतो. मुंडी हा शब्द येथें डोक्यासाठीं नसून या मुंढ्याचाच भाऊबंद असावा. दोन खांदे व कमरेचे दोन खुबे मिळून चार मुंड्या भरतात, असें मानणें सयुक्तिक दिसतें. उर्दूंत ‘चारों शाने चित’ असें म्हणतात, आणि शाना म्हणजे खांदाच. हिंदींत त्याच जागीं ‘चारों खाने चित’ रूढ आहे. हे खाने कसले, हें कोडें तिकडच्या मास्तरांनीं सोडवावें!

‘चीत’ म्हणजे उताणा, ‘पट’ म्हणजे पालथा. मातींतल्या कुस्तीचा सारा न्याय या दोन शब्दांत आहे. पालथा पडलेला मल्ल हरलेला नसतो. छाती मातीला चिकटवून, कोंपरें आंत घेऊन तो निपचित पडून राहतो. वरचा मल्ल त्याला उलथविण्यासाठीं घिस्सा, सवारी असे डाव घालून घामाघूम होतो. पाठ मातीला लागेपर्यंत निकाल नाहीं. कुस्ती फारच रेंगाळली तर पंच ती बरोबरींत सोडवितात. पण एकदां कोणी चीत झाला कीं वादाला जागा उरत नाहीं, कारण त्याच्या पाठीला लागलेली माती सगळ्या फडाला दिसते.

बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचे राहुल आवारे याच मातींतून पुढें आले. हरिश्चंद्र बिराजदार हे त्यांचे गुरु. ते २०११ सालीं वारल्यावर काका पवारांनीं त्यांना शिकविलें. २०१८ सालीं ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्ट येथें राष्ट्रकुल स्पर्धेंत ५७ किलो गटाचें सुवर्णपदक त्यांनीं मिळविलें. अंतिम लढतींत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला त्यांनीं १५-७ असें हरविलें. येथें आंकडे आले! गादीवर दोन्ही खांदे एकाच वेळीं टेकले तर लढत आजहि तेथेंच संपते. पण तसें न घडतांहि गुणांवर जिंकतां येतें. ताकाहाशी हरला खरा, चीत झाला नाहीं. थोड्या मतांनीं पडलेल्या उमेदवाराचीहि गोष्ट तीच. त्याच्या चारी मुंड्या मोजणें हा त्याच्यावर अन्याय होय.

पुढच्याच वर्षीं नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेंत, ६१ किलो गटांत, आवारे यांनीं अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असें हरवून कांस्यपदक घेतलें. ती कुस्तीहि गुणांवरच सुटली; चीत कोणीच झालें नाहीं.