उष्टावणानंतरचा घास



आज आपण लेकराच्या पहिल्या घासाविषयी बोलू. आपल्याकडे मुलाचे उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात करतात, मुलीचे पाचव्या किंवा सातव्या. मामा येतो. खीर चाटवतो. जुन्या माणसांचा हा हिशेब फारसा चुकीचा नव्हता. आजचे डॉक्टर सांगतात, सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. सहा पुरे झाले की अंगावरचे दूध चालू ठेवून वरचे अन्न सुरू करावे. मुलगा असो की मुलगी, वेळ एकच.

घोटाळा होतो तो उष्टावणानंतर. खीर चाटवली, मामाचा आहेर झाला, आणि पुढे दोन-दोन महिने काहीच नाही! २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत आपल्या देशातल्या सहा ते आठ महिन्यांच्या लेकरांपैकी निम्म्याहून कमी लेकरांना दुधासोबत वरचे अन्न मिळत होते. आजीला विचारावे तर ती म्हणते, "त्याले पचत नाही. दात तं येऊ दे." पण दातांची वाट पाहायची नसते. लेकरू मान धरते, आधाराने बसते, आपल्या ताटाकडे हात करते, म्हणजे ते तयार आहे.

यवतमाळकडे कापसाच्या वेचणीत आई दिवसभर वावरात असते. मग लेकराला वरणाचे पाणी पाजून गप्प करतात. पाण्याने पोट भरते, पण अंगी काही लागत नाही. अन्न असे असावे की चमचा तिरपा केला तरी ते लगेच सांडू नये. मऊ भात आणि घट्ट वरण, कुस्करलेली भाकर, वर थोडे तेल किंवा तूप. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. पुढे हळूहळू वाढवावे. अंगणवाडीतून सहा महिन्यांपासून लेकराचा शिधा मिळतो. तो लेकराच्याच पोटात जावा, घरादाराच्या नव्हे!

आता एक भीती काढून टाकू. काही लेकरांना एखादे अन्न वावडे असते. यालाच डॉक्टर ॲलर्जी म्हणतात. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. त्या भीतीने फल्लीदाणा आणि अंडे वर्ष-दोन वर्षे दूर ठेवणारी घरे आहेत. पूर्वी परदेशातले डॉक्टरही असेच सांगत.

मग लंडनच्या डॉक्टरांच्या ध्यानात एक गोष्ट आली. इस्रायलमधली ज्यू लेकरे लहानपणापासून फल्लीदाण्याचा खाऊ खात. इंग्लंडमधली ज्यू लेकरे खात नसत. आणि वावडे होते ते न खाणाऱ्यांत, दहा पट जास्त! मग त्यांनी ६४० लेकरे निवडली. सगळी वर्षाच्या आतली, आणि वावड्याचा धोका जास्त असलेली. निम्म्यांना फल्लीदाण्याचे पदार्थ नेमाने दिले, निम्म्यांना दिले नाहीत. पाच वर्षांची झाल्यावर तपासले. न खाणाऱ्यांत शंभरात सुमारे सतरा जणांना वावडे निघाले, खाणाऱ्यांत तिघांना. हे २०१५ साली जाहीर झाले. शरीराला अन्नाची ओळख वेळेवर पोटातून झाली, तर ते त्याला वैरी समजत नाही, असे डॉक्टर मानतात.

आपल्याकडे फल्लीदाणा घरोघरी असतो. पण अख्खा दाणा किंवा त्याचा तुकडा लेकराला कधीही देऊ नये. तो श्वासनळीत अडकतो आणि जीव जातो. पाच वर्षांपर्यंत ही खबरदारी घ्यावी. भाजलेले दाणे अगदी गुळगुळीत वाटून पातळ पेजेत कालवावे. पहिल्या दिवशी नखभर द्यावे. दिवसा द्यावे, म्हणजे लक्ष ठेवता येते. मानवले की वाढवावे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा देत राहावे. अंडे पूर्ण उकडून कुस्करावे. एका वेळी एकच नवा पदार्थ. मध मात्र वर्षाच्या आत चाटवू नये, उष्टावणाच्या दिवशीही नाही.

ज्या लेकराला इसब फार आहे, किंवा एखाद्या अन्नाने आधी त्रास झाला आहे, त्याला फल्लीदाणा आणि अंडे डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. नुसते तोंडाभोवती लाल झाले तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना किंवा आशाताईला दाखवावे. पण ओठ-जीभ सुजली, दम लागला, लेकरू गळून गेले, तर घरगुती औषधात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा. गाडी यायला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठावा.