शहरातील मुले आणि सहल
(सुवर्णमहोत्सवी पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



मोठ्या शहरात मुलांना घेऊन सहलीस कसे जावे, असा एक घरगुती विषय आज माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. विषय लहान वाटतो खरा. परंतु आपण ज्या अंगणांत वाढलो ती अंगणे मागे राहिली, आजी-आजोबांची गावे एका रात्रीच्या प्रवासापलीकडे गेली, आणि आपली मुले चौथ्या-पाचव्या मजल्यावर वाढू लागली. ज्या मातीत पाय मळले नाहीत ती माती आपली वाटत नाही. म्हणून बंगळूरशी मुलांचे नाते जुळावयाचे असेल तर सहल ही चैन नव्हे, गरज आहे, असे मी मानते.

प्रथम माझी चूक सांगते. आमची मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही तिला लालबागेत स्वातंत्र्यदिनाचे पुष्पप्रदर्शन पाहावयास नेले. भर दुपार, सुट्टीचा दिवस, माणसांची रीघ. मी सुटे पैसे काढीत होते, तेवढ्यात तिचा हात सुटला. वीस मिनिटांनी ती सापडली, ती एका शेंगा विकणाऱ्या बाईंशेजारी, हातात शेंगांची पुडी धरून रडत बसलेली. बाईंनी तिला पुन्हा पुन्हा नाव विचारले होते. पण मुलीला कन्नड समजत नव्हते, आणि आमचा दूरध्वनी क्रमांकही तिला पाठ नव्हता. त्या माउलीचे आभार मानावयास मलाही धड चार कन्नड शब्द सुचले नाहीत.

सहलीची तयारी डब्यापासून नव्हे, भाषेपासून सुरू होते, हे मला त्या दिवशी कळले. ‘नन्न हेसरु’ म्हणजे माझे नाव, ‘सहाय माडि’ म्हणजे मदत करा, एवढे तरी प्रत्येक मुलाला आले पाहिजे. क्रमांक पाठ असावा आणि लहानग्यांच्या खिशात चिठ्ठीवरही असावा. चुकामूक झाली तर कोठे थांबावयाचे, ती जागा आत शिरतानाच बोट दाखवून ठरवावी.

आता वेळेविषयी. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील सकाळ उन्हाळ्यातही सुखद असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव येतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळचा पाऊस नेमका फजिती करतो. तेव्हा सातला निघावे आणि अकरापर्यंत परतावे. एका दिवशी एकच ठिकाण पाहावे. जाण्यायेण्याचा वेळ खेळण्याच्या वेळेहून अधिक होत असेल तर ते ठिकाण मुले मोठी होईपर्यंत राखून ठेवावे. तिखटमिठाच्या पुऱ्या, पाणी आणि एक जादा कपडा, एवढे सामान पुरे. स्वच्छतागृह कोठे आहे, याची चौकशी मात्र आधी करावी.

ठिकाणे दूर शोधावयास नकोत. हैदरअलीने १७६० साली लालबागेचा प्रारंभ केला. तेथील काचघर १८८९ सालचे. परंतु मुलांना खरी मोहिनी घालतो तो तेथील खडक. त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे आहे. त्यावर चढलेल्या मुलाला भूगोलाचा धडा निराळा शिकवावा लागत नाही. १८७० साली झालेल्या कब्बन उद्यानातही मोकळे हिंडता येते, आणि पाऊस आलाच तर शेजारी विश्वेश्वरय्या वस्तुसंग्रहालय आहे. दोन्ही उद्यानांजवळ मेट्रोची स्थानके असल्याने वाहन कोठे उभे करावे ही विवंचनाही उरत नाही.

एक खेळ सुचविते. प्रत्येक झाडाची दोन नावे मुलांना सांगावी. चिंच म्हणजे हुणसे, करंज म्हणजे होंगे, कडुनिंब म्हणजे बेवु. मराठी नाव आजोबांनी सांगावे, कन्नड नाव शेजारच्या मुलांनी. अशा सहलीस कन्नड शेजाऱ्यांना अवश्य बोलवावे.

“आपण इथले की तिथले?” हा प्रश्न मुले कधी ना कधी विचारतातच. अशा वेळी त्यांना कृष्णराजेंद्र बाजारालगतच्या किल्ल्याच्या दरवाजाशी न्यावे. १६३८ साली विजापूरकरांनी हे ठाणे जिंकले, पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि बाल शिवाजी काही काळ येथे राहिले, हे सांगावे. मात्र आज दिसणारे दगडी बांधकाम शहाजीराजांचे नसून हैदरअलीच्या काळचे आहे, हेही त्याच वेळी सांगावे. खोट्या अभिमानावर उभे केलेले नाते टिकत नाही. शहर केंपेगौडांनी वसविले, आणि आपल्यासारखे अनेक येथे येऊन राहिले, हे खरे उत्तर मुलांना पुरते.

मंडळास माझी एक विनंती आहे. महिन्यातून एक सकाळ मुलांच्या सहलीसाठी राखावी. वर्गणी नको, भाषणे नकोत. ज्येष्ठांनी मुलांबरोबर चालावे, एवढेच.

दरवर्षी कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीस नंदीच्या देवळाजवळ शेंगांची जत्रा भरते. कडलेकाई परिषे म्हणतात ती. आम्ही तेथे न चुकता जातो. आमची मुलगी आता विक्रेत्यांशी अस्खलित कन्नडात भाव करते, आणि पुडी हाती आली की मला मराठीत म्हणते, “आई, हात सोडू नकोस हं.” लालबागेतल्या त्या बाई मला पुन्हा कधी भेटल्या नाहीत. त्यांचे आभार मानावयाचे राहून गेले, ते आज या व्यासपीठावरून मानते आणि आपली रजा घेते.