देवाचे उत्तर ओळखावे कसे?

(मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात केलेले भाषण)



आज मंदिरावर कळस चढला. सर्वांचे मन भरून आले आहे. अशा शुभप्रसंगी एक प्रश्न आपणापुढे ठेवतो. आपण रोज देवापुढे हात जोडतो. कोणी पाऊस मागतो, कोणी मुलीचे लग्न जमावे म्हणतो, कोणी घरातल्या दुखणाइतासाठी नवस बोलतो. देव याचे उत्तर देतो का? आणि देत असेल, तर ते आपल्याला ओळखू येते का?

आपण उत्तर बहुधा चमत्कारात शोधतो. मूर्तीवरचे फूल उजवीकडे पडले की कौल मिळाला म्हणतो. ही श्रद्धेची रीत आहे. तिला मी नावे ठेवीत नाही. पण पुष्कळदा उत्तर सावकाश येते, माणसाच्या रूपाने, कामाच्या रूपाने येते, आणि दाराशी उभे असूनही आपण त्याला ओळखत नाही.

दूर कशाला, आपल्याच जिल्ह्यातला दाखला घ्या. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी. पाऊस जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर, आणि जो पडे तो उतारावरची माती घेऊन वाहून जाई. विहिरी कोरड्या, पोटासाठी माणसे परगावी, गावात दारूच्या भट्ट्या. अशा गावाने पावसासाठी देवाला किती वेळा साकडे घातले असेल, ते आपणा दुष्काळी भागातल्या माणसांना सांगायला नको. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी आले. त्यांनी आधी यादवबाबांच्या पडझड झालेल्या मंदिराचे काम हाती घेतले व त्यात स्वतःची पुंजी घातली. ते पाहून लोक श्रमदानाला आले. मंदिर उभे राहिले आणि त्याच मंदिरात गाव एकत्र बसू लागले. तेथेच दारूबंदीचे ठरले. पुढे नाले अडवले, चर खोदले, झाडे लावली. पाऊस पूर्वीइतकाच पडत राहिला, पण त्याचे पाणी गावात मुरू लागले आणि विहिरींना पाझर फुटला.

सज्जनहो, मागणे पावसाचे होते. उत्तर आले कुदळ-फावड्याच्या रूपाने. ते ज्यांनी ओळखले त्यांचे गाव तरले.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने १९८९ नंतर, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, हीच वाट धरली आणि एक पाऊल पुढे टाकले. आलेल्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, शेतीसाठी बोअर पाडायचे नाही, असे नियम गावाने स्वतःवर घातले. देवाने दिलेले उधळायचे नाही, हीसुद्धा भक्तीच आहे.

आता ओळखण्याची खूण कोणती? त्यासाठी नेवाशाला जाऊ. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, तेथे ज्ञानेश्वर माऊलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. समाजाने ज्या भावंडांना वाळीत टाकले, त्यांतल्या या मुलाने शेवटी पसायदान मागितले ते साऱ्या जगासाठी. ही पहिली खूण : खरे उत्तर एकट्याच्या झोळीत मावत नाही, त्यात शेजाऱ्याचाही वाटा असतो. दुसरी खूण : ते आपल्याकडून काही मागते. कष्ट मागते, सवय सोडायला लावते, जुने भांडण मिटवायला लावते. जो आतला आवाज केवळ आपल्या फायद्याचे बोलतो, त्याला देवाचा आवाज म्हणण्याची घाई करू नये.

आणि एक हात जोडून सांगतो. ज्याच्या घरी नवस बोलूनही माणूस गेले, त्याला कोणी म्हणू नका की तुझी भक्ती कमी पडली. असे बोलणे हे पाप आहे. त्याच्या ओट्यावर जाऊन बसा, त्याच्या रानात चार दिवस राबा. त्याच्या प्रार्थनेचे उत्तर कदाचित आपणच असू.

शेवटी देणगीदारांसाठी दोन शब्द. ज्या पैस खांबाला टेकून माऊली बसले असे आपण मानतो, त्या खांबावर एक जुना लेख कोरलेला आहे. देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी कोणी दान दिले, त्याची ती नोंद आहे. देणाऱ्याने दिले ते तेलापुरते. त्याच दगडाच्या आधाराने ज्ञानेश्वरी सांगितली जाईल, हे त्याला कुठून ठाऊक असणार? आपण दिलेली वीट, सिमेंटची गोणी, मोलमजुरीतून काढून ठेवलेले पाच-दहा रुपये कोणाच्या आधाराला येतील, हे आपल्यालाही ठाऊक नाही. मंदिर तर झाले. आता येथे बसून गावाने काय ऐकायचे आणि काय करायचे, ते आपल्या हाती आहे.

इतके बोलून आपली रजा घेतो. रामकृष्णहरि.